लाल ठिपका

रायतूरच्या धक्क्यावरून फेरीत चढवताना
चार माणसं लागली त्या करवतीला.
ओतीव लोखंडाचं मेज, खाली लोंबती मोटर,
आणि बोस्त्यांवच्या तीस वर्षांचा भुसा
सांध्यासांध्यांत पोळ्यासारखा बसलेला.
शिरोड्याला उतरवेपर्यंत नदीची खारी हवा लागली,
मेजावर गंजाची पुळी उठलीच.

रॉकेल, तारेचा ब्रश, मग मेण.
तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल, लाव.
सुलक्षानं उलट प्लगच उपटला
आणि माझ्या खिशात घातला.
"नुसता खटका बंद म्हणजे बंद नव्हे, मामा."
फर्मागुढीच्या आयटीआयत शिकून आलेली पोर.
मी वायरीच्या टोकाला
दावणीला बांधल्यासारखा उभा.

पातं सरळ आहे, म्हटलं. दिसतंय की.
चाळीस वर्षं डोळ्यानंच बघत आलोय.
तिनं पर्समधून नेलपॉलिश काढलं,
एका दाताच्या बुडाशी ठिपका दिला,
फुंकर मारून वाळवला.
तो दात पुढं आणून खाचेपासून मोजला,
तोच दात फिरवून मागं नेला, मोजला.
"दोन वेगळे दात घ्याल
तर दाताची खोड मोजाल, पात्याची नव्हे."
अर्धा मिलिमीटर.
लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढा.
तेवढ्यात फळी मागच्या दातांना घासते,
मागचे दात वर उठणारे,
ते तिला उचलून माणसाच्या पोटाकडं फेकतात.
हे मला ठाऊक होतं.
माझ्या बरगडीला जास्त ठाऊक होतं.

मेजाखाली उताणा झालो.
तीन बोल्ट ढिले, चौथा अर्धवट,
सागाचा ठोकळा धरून वर मोगरी.
"थोडं." टक्.
"जास्त झालं." टक्.
ती वर, मी खाली.
आजोबा असेच फणसाचे ओंडके कापायचे:
एक करवत्या माच्यावर, एक खड्ड्यात,
खड्ड्यातल्याच्या डोळ्यांत भुसा,
आणि चिरेत पाचर.
पाचर नसली की ओंडका मिटायचा,
करवत जबड्यात धरायचा.

"हिची पाचर कुठाय?" सुलक्षा म्हणाली.
पात्यामागं दोन भोकं होती.
एकात कोळ्याचं घर.

परत फेरी. परत रायतूर.
एर्मेलिंदा बायनं आधी मांजरापासून मासळी झाकली,
मग आतून खोका आणला.
पाचर होती, पात्यावरचं पारदर्शक झापड होतं,
कंपनीच्या तेलकट कागदात,
गुंडाळी एकदाही न सोडलेली.
"आड येता म्हणटालो," ती म्हणाली.
खोक्याच्या जागेवर खिळ्याला व्हायोलिन,
तारा काढलेलं.
लदीनांत वाजवायचा तो.
कुठल्या वर्षापर्यंत, ते मी विचारलं नाही.
तिनं चहात साखर फार घातली.

पाचर बसली, पात्याच्या नेमकी मागं,
पात्याबरोबर वर, पात्याबरोबर खाली.
गुण्या लावला, फटीतून उजेड दिसेना.
फेन्स मागच्या टोकाला कागदाभर उघडा.
पातं खाली, फळीवर दाताभर उरेल इतकंच.
सुलक्षानं ओढणी खुंटीला टांगली, बांगडी काढली,
हातमोजे मी देऊ केले ते परत दिले:
आधी मोजा ओढला जातो, मागोमाग हात.
मग मला दंडाला धरून बाजूला सरकवलं.
"रेषेत नको."
आणि तळहात पुढं केला. प्लग.

फणसाची फळी, दोन पावसाळे वाळलेली.
पिवळा भुसा, गोडसर वास.
शेवटची वीत तिनं काठीनं रेटली,
पोपटाच्या चोचीची, मीच घडवलेली.
फळी मिटू बघत होती, चीर आत येत होती,
मला दिसलं,
आणि पाचर मधे उभी.

दोन पट्ट्या झाल्या.
उचलायला मी हात पुढं केला.
"थांब," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत.
खटका बंद, मोटर गप्प,
पातं मात्र फिरतंच होतं, बिनआवाजाचं,
त्याच्या कडेला एक लाल कमान.
आम्ही दोघं हात मागं बांधून
शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावं तसे.
कमान फिकी झाली, थरथरली, तुटली,
तिचा ठिपका झाला.
त्यानं आणखी एक फेरी मारली.
मग मी फळी उचलली.